ताल मोडणारी नर्तकी

डिस्नेच्या 'मेरी पॉपिन्स' (1964) या चित्रपटाच्या सुरुवातीलाच एक दाई नोकरी सोडून निघालेली असते. साल 1910, लंडनमधल्या चेरी ट्री लेनवरचं बँक्स कुटुंबाचं घर. मुलं पुन्हा एकदा हातातून निसटली आहेत आणि आता पुरे, असं म्हणून कॅटी नॅना आपलं सामान घेऊन दाराशी आली आहे. तेवढ्यात मालकीणबाई बाहेरून येतात. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत त्या आकंठ बुडालेल्या, त्यामुळे घरात पाऊल टाकताच त्यांचं गाणं सुरू होतं. घरातल्या दोघी नोकर बायकाही त्या गाण्यात सामील होतात. कॅटी नॅनाला मात्र फक्त 'मी चालले' एवढंच सांगायचं आहे, आणि ते ऐकून घ्यायला कुणाला सवड नाही. सगळं घर एका तालावर चाललेलं असताना ही एकटी बाई आपली वेगळी लय धरून उभी असते. थोड्याच वेळात ती घरातून जाते आणि चित्रपटातूनही जाते.

ती एल्सा लँचेस्टर. तेव्हा साठीला पोचलेली. हा चित्रपट ज्यांनी लहानपणी पाहिला, त्यांतल्या फार थोड्यांना तिचं नाव ठाऊक असेल. मला मात्र तिच्या साऱ्या कारकिर्दीचं मर्म त्या छोट्या प्रसंगात दिसतं. नृत्यातून अभिनयाकडे आलेल्या कलावंतांविषयी बोलताना डौल, लालित्य, पदन्यास हे शब्द ओठांवर येतात. एल्साच्या बाबतीत ते उपयोगाचे नाहीत. नृत्याने तिला दिलं ते वेळेचं भान. केव्हा हलायचं, केव्हा थांबायचं, आणि सगळे ज्या मात्रेवर पाऊल टाकतात ती मात्रा मुद्दाम कशी सोडायची, हे तिला जितकं कळत होतं तितकं तिच्या काळातल्या फार थोड्या चरित्र अभिनेत्रींना कळलं.

तिचा जन्म 28 ऑक्टोबर 1902 चा, लंडनच्या लुईशममधला. तिच्या आईची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण पुढे ती लागणार आहे. एडिथ लँचेस्टर ही सुखवस्तू घरातली, शिकलेली, समाजवादी तरुणी. कार्ल मार्क्सची मुलगी एलिनॉर हिची सचिव म्हणूनही तिने काम केलं होतं. 1895 मध्ये तिने घरी सांगितलं, की जेम्स सलिव्हन या कामगारवर्गातल्या सोबत्याबरोबर मी राहणार आहे, पण लग्न करणार नाही, कारण लग्नाने बाई स्वातंत्र्य गमावते. वडील आणि भाऊ डॉक्टरला घेऊन आले. डॉक्टरने तिला वेडी ठरवलं आणि वेडाचं कारण नोंदवलं, अतिशिक्षण! भावांनी हात बांधून तिला गाडीत घातलं आणि वेड्यांच्या इस्पितळात नेऊन टाकलं. बाहेर तिच्या समाजवादी सोबत्यांनी गदारोळ केला, वर्तमानपत्रांनी प्रकरण उचलून धरलं आणि चार दिवसांनी तिची सुटका झाली. एडिथ आणि जेम्स यांनी पुढे कधीच लग्न केलं नाही. त्यांना दोन मुलं झाली. थोरला वाल्डो कळसूत्री बाहुल्यांचा कलावंत झाला. त्याच्या मंडळीसाठी बर्नार्ड शॉने 1949 मध्ये छोटं बाहुलीनाट्य लिहिलं. धाकटी एल्सा.

अशा आईने मुलीला इसाडोरा डंकनकडे पाठवावं हे त्या काळाला धरूनच होतं. बॅलेचा कडक पोशाख, चवड्यांवर तोलणारे बूट, आखून दिलेल्या मुद्रा हे सगळं झुगारून डंकन अनवाणी नाचत होती, अंगावर ग्रीक धाटणीचं सैल वस्त्र आणि समुद्राच्या लाटेतून, वाऱ्यातून, श्वासातून उमलणारी हालचाल. पुरोगामी घरांना या नृत्यात शरीराच्या मुक्तीची खूण दिसत होती. पॅरिसजवळच्या बेलव्ह्यूमधल्या तिच्या शाळेत एल्सा वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी दाखल झाली. 1914 च्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं, शाळा विस्कटली आणि मुलगी लंडनला परतली. डंकनविषयी तिने पुढे जे लिहिलं त्यात भक्तिभाव जवळजवळ नाही. त्या भारलेल्या वातावरणाकडे तिने लहानपणीच शंकेने पाहिलं असावं. तरीही परत आल्यावर कोवळ्या वयातच ती इतर मुलांना तेच नृत्य शिकवू लागली आणि त्यावर चार पैसे मिळवू लागली. मला हे महत्त्वाचं वाटतं. श्रद्धा नसताना शिकवायचं म्हणजे हालचाल सुटी करून, उलगडून पाहावी लागते. वाहती हालचाल कशी घडते हे ज्याला असं उघडून पाहता आलं, त्याला ती कुठे तोडायची हेही कळतं.

पहिलं महायुद्ध संपतानाच्या सुमारास तिने सोहोमध्ये मुलांचं नाट्यगृह सुरू केलं. विशीच्या आरंभी हॅरल्ड स्कॉटच्या सोबतीने 'केव्ह ऑफ हार्मनी' हा रात्रीचा क्लब काढला. तिथे एकांकिका होत, व्हिक्टोरियन काळातली विसरलेली चावट गाणी म्हटली जात, आणि प्रेक्षकांत एच. जी. वेल्स, ऑल्डस हक्सली, एव्हलिन वॉ अशी मंडळी असत. जेम्स व्हेल नावाचा तरुण रंगकर्मीही तिथे येई. वेल्सने 1928 मध्ये खास तिच्यासाठी तीन छोटे मूक विनोदपट लिहिले, आयव्हर माँटेग्यूने ते दिग्दर्शित केले. त्यातल्या काहींत अभिनेता चार्ल्स लॉटनही आहे. 1927 मध्ये आर्नल्ड बेनेटच्या नाटकात एल्सा आणि लॉटन भेटले, 1929 मध्ये त्यांचं लग्न झालं. या संसाराबद्दल खूप लिहिलं गेलं आहे, तिने स्वतःही लिहिलं. मला इथे त्या दोघांचं एकत्र काम तेवढं पाहायचं आहे.

त्यातला पहिला मोठा नमुना म्हणजे अलेक्झांडर कोर्डाचा 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ' (1933). लॉटन हेन्री, आणि एल्सा त्याची चौथी राणी, क्लीव्ज संस्थानची अॅन. या अॅनचं मन दुसऱ्यावर जडलेलं आहे, त्यामुळे राजाने आपल्याला नाकारावं म्हणून ती जाणूनबुजून कुरूप दिसायचं ठरवते. आता, कुरूपता दाखवण्याची सोपी वाट रंगभूषेची. एल्सा ती फारशी घेत नाही. तोंड वाकडं करणं, नजर रिकामी ठेवणं, चालताना शरीराचं वजन चुकीच्या पायावर टाकणं, एवढ्यावर ती काम भागवते. चेहरा कधी पाडायचा आणि कधी सावरायचा हे आपल्यासमोर, राजाच्या पाठीमागे चालतं. मग लग्नाच्या रात्री शयनगृहात दोघं पत्ते खेळायला बसतात. इथे तिची सगळी ढिली हालचाल एकदम आवळली जाते. पानं टाकणारे हात जलद आणि अचूक होतात, राजा हरत जातो, आणि खेळाच्या ओघातच ही बाई घटस्फोटाच्या अटी स्वतःला हव्या तशा पदरात पाडून घेते. लॉटनला याच भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. पण तो प्रसंग पुन्हा पाहावा. राजाच्या वाट्याला रागावणं, ओरडणं, चकित होणं आहे. खेळाची गती मात्र तिच्या हातात आहे.

पुढच्या वर्षी टायरन गथ्रीच्या 'टेम्पेस्ट'मध्ये, लॉटनच्या प्रॉस्परोसमोर ती एरिअल झाली. हवेतून येणारं, हुकूम होताच नाहीसं होणारं ते पात्र एखाद्या नर्तकीच्या वाट्याला यावं असंच. रंगमंचावरचं ते काम आता कुणालाच पाहता येणार नाही, याची हळहळ वाटते.

आणि मग 1935. जेम्स व्हेल तोवर हॉलिवुडमध्ये स्थिरावला होता, 'फ्रँकेन्स्टाइन'ने त्याला नाव मिळवून दिलं होतं. त्याचा पुढचा भाग 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' करताना त्याने एल्साला दोन भूमिका दिल्या. आरंभीच्या प्रसंगात ती लेखिका मेरी शेली आहे. बाहेर वादळ, आत बायरन आणि पर्सी शेली यांच्या सहवासात भरतकाम करत बसलेली, विजेला दचकणारी, सोज्वळ तरुणी. शेवटी तीच अभिनेत्री राक्षसासाठी प्रेतांच्या तुकड्यांतून घडवलेली वधू होऊन येते. श्रेयनामावलीत मेरी शेलीच्या नावासमोर एल्साचं नाव आहे, आणि राक्षसाच्या जोडीदारणीसमोर फक्त प्रश्नचिन्ह. अशी भयंकर गोष्ट जिच्या मनात उपजली, तिच्याच आत ती भयंकर बाई होती, असा व्हेलचा विचार.

वधू पडद्यावर असते जेमतेम काही मिनिटं. एक शब्दही बोलत नाही. तरी सिनेमाच्या इतिहासात तिचं चित्र कायमचं कोरलं गेलं आहे. ते कशामुळे, याचं उत्तर बहुतेक लोक केसांकडे बोट दाखवून देतात. जॅक पियर्सची ती रंगभूषा, नेफेर्टिटीच्या मुकुटाची आठवण देणारा उंच उभा केशसंभार, दोन्ही कानशिलांवरून वर गेलेले पांढरे विजेचे पट्टे. आहार्य अभिनयाचा याहून ठसठशीत नमुना सापडणं अवघड. पण त्या केसांची टोपी नंतर कितीजणींनी चढवली, त्यातली एकही वधू भय आणि करुणा एकाच वेळी जागी करत नाही. याचा अर्थ काम दुसरीकडे कुठेतरी झालेलं आहे.

तो प्रसंग सावकाश पाहू. मेज छतावरून खाली येतं. आधी फक्त बोटं हलतात. डोळ्यांवरची पट्टी निघते तर डोळे आधीच टक्क उघडे, न मिटणारे. मग एकदम ती उभी दिसते, पायघोळ पांढऱ्या वस्त्रात. दोन्ही बाजूंना तिला घडवणारे दोन पुरुष, हेन्री फ्रँकेन्स्टाइन आणि डॉक्टर प्रिटोरिअस, तिचं वस्त्र सांभाळत, जणू लग्नाला उभी केलेली मुलगी. फ्रान्झ वॅक्समनच्या संगीतात लग्नघंटा वाजू लागतात. संगीत उत्सवाचं, सोहळ्याचं, सरळ चालीचं. आणि त्यावर एल्साची मान हलते ती संगीताला पूर्णपणे सोडून. एक झटका डावीकडे, थांबा. एक झटका वर, थांबा. व्हेल कॅमेऱ्याचे कोन पटापट बदलतो, चेहरा जवळून, आणखी जवळून, बाजूने. प्रत्येक तुकड्यात ती चाहूल लागलेल्या पक्ष्यासारखी क्षणभर गोठते आणि पुन्हा झटक्याने वळते.

तिच्याकडून काय काय काढून घेतलं आहे पाहा. हात कोपरापर्यंत नव्हे, पार बोटांपर्यंत बँडेजमध्ये गुंडाळलेले. चित्रीकरणाच्या वेळी तिला जेवणही दुसऱ्यांनी भरवावं लागे. पाय वस्त्राखाली अदृश्य. भाषा नाही. एका नर्तकीचे हात, पाय आणि धड बंद केल्यावर उरतं काय? मान आणि नजर. आपल्या नृत्यपरंपरेत ग्रीवाभेद आणि दृष्टिभेद यांना स्वतंत्र अभ्यासाचा मान आहे, त्यामुळे मराठी रसिकाला हे समजावून सांगावं लागू नये. एल्साला असली कुठली परंपरा ठाऊक नव्हती. तिच्याजवळ होतं ते लहानपणी शिकलेलं वाहतं नृत्य, आणि इथे तिने ते नेमकं उलटं करून वापरलं. डंकनच्या नृत्यात एक हालचाल दुसरीत विरघळते. वधूच्या हालचालींत दोन झटक्यांमधला धागाच कापलेला आहे. जिच्या शरीराचे अवयव वेगवेगळ्या प्रेतांतून आले, तिच्या हालचालीही एकमेकींना अनोळखी आहेत. कळसूत्री बाहुल्यांशी खेळणाऱ्या भावाची ती बहीण होती, हेही इथे मला आठवतं.

मग राक्षस आत येतो. बोरिस कार्लॉफचा तो केविलवाणा, आशेने भरलेला चेहरा. तो तिच्याशी मैत्री मागतो. ती किंचाळते आणि हेन्रीला बिलगते. तो तिच्याजवळ बसतो, तिचा हात हातात घेऊन हळूच थोपटतो. ती पुन्हा किंचाळते. ही किंकाळी भयपटातल्या नायिकेची नव्हे. त्या किंकाळीत नकार आहे, जन्माला येऊन काही क्षण झालेल्या जिवाचा पहिला आणि एकमेव निर्णय. शेवटी, मनोरा उडवून देणारा खटका राक्षस ओढतो तेव्हा ती फुत्कारते. लंडनच्या रीजंट्स पार्कमधले राजहंस माणूस जवळ गेला की चिडून जसा आवाज काढतात, तो आपण उचलला, असं तिने सांगितलं आहे. हंस म्हटलं की युरोपीय नृत्यात लगेच 'स्वान लेक' डोळ्यांपुढे येतं, पांढरी, हळुवार, प्रेमासाठी झुरणारी राजकन्या. एल्साने हंसाकडून त्याचा राग घेतला.

आता एडिथकडे येतो. चार पुरुषांनी मिळून ठरवलं, की या बाईने अमक्याशी राहायचं, अमक्याची बायको व्हायचं. तिच्या हातांना बंधनं घातली. तिच्या मनाबद्दलचा निवाडा एका डॉक्टरने दिला. 1895 मध्ये लंडनला जे घडलं तेच 1935 मध्ये त्या दगडी मनोऱ्यात घडतं आहे. एल्साने वधू साकारताना आईला समोर ठेवलं होतं, असा माझा दावा नाही. कलावंताच्या मनातलं इतकं सरळ वाचता येत नाही. पण जिच्या घरात 'नाही' म्हणणाऱ्या बाईची गोष्ट लहानपणापासून सांगितली गेली असेल, तिच्या नकारात अशी धार येणं मला अगदी स्वाभाविक वाटतं. कार्लॉफच्या राक्षसाची कणव येत असतानाही आपण वधूला दोष देऊ शकत नाही, ते या धारेमुळे.

यानंतर तिला नायिकेच्या भूमिका मिळायला हव्या होत्या. फारशा मिळाल्या नाहीत. कोर्डाच्या 'रेम्ब्रां' (1936) मधली हेंड्रिक्या ही तिच्या वाट्याला आलेली मोठी, गंभीर भूमिका. लॉटनच्या चित्रकारासमोर शांत, आपल्या जागी घट्ट रुतलेली स्त्री. झटके, मुरके काही नाहीत, आणि ती तेही किती सहज पेलते हे पाहून वाटतं, की निर्मात्यांनी हिला विक्षिप्त बायकांच्या खणात टाकून मोठी चूक केली. अमेरिकेत स्थायिक झाल्यावर स्वयंपाकिणी, मोलकरणी, मावश्या, चेटकिणी, चक्रम कलावंत बायका यांची रांग लागली. 'द स्पायरल स्टेअरकेस' (1946) मधली ब्रँडीवर जीव असलेली मिसेस ओट्स, 'द रेझर्स एज' (1946) मधली एका प्रसंगापुरती मिस कीथ, 'द बिशप्स वाइफ' (1947) मधली मटिल्डा. 'कम टू द स्टेबल' (1949) मधल्या चित्रकर्तीसाठी पहिलं ऑस्कर नामांकन. सगळीच कामं सारखी नाहीत. काही ठिकाणी, विशेषतः साठच्या दशकातल्या डिस्नेच्या विनोदपटांत, डोळे विस्फारणं आणि आवाज चिरकवणं यांवर ती विसंबून राहते, आणि तेव्हा तिची उरलेली ताकद माहीत असल्यामुळे वाईट वाटतं.

त्या वर्षांत तिची खरी जागा स्टुडिओबाहेर होती. लॉस एंजेलिसमध्ये 1941 मध्ये 'टर्नअबाउट थिएटर' सुरू झालं. एका टोकाला बाहुल्यांचा रंगमंच, दुसऱ्या टोकाला माणसांचा, आणि मधे ट्रामची बाकं, ज्यांची पाठ उलटवून प्रेक्षकांनी मध्यंतरानंतर तोंड फिरवून बसायचं. तिथे सुमारे दहा वर्षं ती गात राहिली, बहुतेक गाणी फोरमन ब्राउनची. छोटं गाणं, त्यात एका बाईची आख्खी जन्मकथा, आणि ती उभी राहते कशी, हात कुठे ठेवते यावरून ती बाई ओळखू यावी. चरित्र अभिनेत्रीला लागणारा रियाज याहून चांगला कुठला? पडद्यावर दीड मिनिट मिळालं तरी पुरं माणूस उभं करण्याची तिची सवय तिथे पक्की झाली असणार.

त्या सवयीला पुरेशी जागा मिळाली ती बिली वाइल्डरच्या 'विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन' (1957) मध्ये. अगाथा ख्रिस्तीच्या मूळ नाटकात नर्स मिस प्लिमसोल नाहीच. ती चित्रपटासाठी घडवली गेली. लॉटन हा हृदयविकारातून उठलेला नामांकित बॅरिस्टर सर विल्फ्रिड, आणि ही त्याची नर्स. सिगार नको, ब्रँडी नको, दुपारची झोप, इंजेक्शन, गोळ्या. वाइल्डरने दोघांच्या देहांचा विरोध फार सुरेख वापरला आहे. लॉटन म्हणजे अवाढव्य, खुर्चीत बसलेलं, जिन्यावरच्या यांत्रिक आसनातून वरखाली करणारं धूड. ती सतत हलती. त्याच्याभोवती, त्याच्या मागे, जिन्याखाली, दारात. तो गर्जून तिचं बोलणं मधेच तोडतो आणि ती पुढचं वाक्य अशा बिंदूवर उचलते, की जणू तुटलंच नव्हतं. जवळजवळ तीस वर्षांचा सहवास त्या देवाणघेवाणीत मुरलेला आहे. एक जण वेळ खातो, दुसरी ती परत करते.

या सगळ्या लुडबुडीखाली काय दडलं होतं ते शेवटी उघड होतं. खटला संपला आहे, सर्वांना धक्का बसला आहे, आणि सर विल्फ्रिड ठरलेल्या विश्रांतीला न जाता नवा खटला लढवणार, हे त्याने बोलायच्या आधी प्लिमसोलला कळलेलं असतं. ती सामान परत पाठवायला सांगते. मग थर्मास विसरलात म्हणून त्याला हाक मारते, आणि त्यात कोको नसून ब्रँडी आहे हे आपल्याला माहीत होतं, हे सहज बोलून टाकते. अख्ख्या चित्रपटभर आपण जिला त्रासदायक समजत आलो ती सगळ्यांत जास्त ओळखून होती. एल्सा त्यासाठी स्वर बदलत नाही, विराम घेत नाही. कुणी दुसरी असती तर या वाक्याआधी क्षणभर थांबली असती, प्रेक्षकांना खूण केली असती. ती चालत्या पावलात ते टाकून देते, आणि म्हणूनच ते इतकं लख्ख लागतं. या भूमिकेसाठी तिला गोल्डन ग्लोब मिळालं, ऑस्करचं नामांकनही. त्याच वर्षी लॉटनचंही नामांकन होतं. ऑस्कर दोघांनाही मिळालं नाही. 1962 च्या डिसेंबरमध्ये लॉटन गेला. ती त्यानंतर चोवीस वर्षं जगली, 1983 मध्ये आत्मचरित्र लिहिलं आणि 26 डिसेंबर 1986 रोजी गेली.

तिला नव्याने पाहायचं असेल त्याने 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन'पासून नव्हे, 'द बिग क्लॉक' (1948) पासून सुरुवात करावी असं मी सुचवीन. लॉटन त्यात खुनी प्रकाशनसम्राट आहे आणि ती लुईस पॅटरसन ही बेफिकीर चित्रकर्ती. संशयिताचा चेहरा पाहिलेली ती साक्षीदार, म्हणून सगळी यंत्रणा तिच्याकडून त्याचं चित्र काढून घेते. ती मन लावून चित्र काढते, आणि निघतं ते असं आधुनिक, अमूर्त, की त्यावरून कुणालाच पकडता येऊ नये. तिचं ते फुटून येणारं हसू ऐकावं. मग 'विटनेस'. त्यानंतर वधू. आणि नंतर वेळ असेल तर नील सायमनचा 'मर्डर बाय डेथ' (1976), जिथे ती मिस मार्पलचं विडंबन असलेली जेसिका मार्बल्स आहे. मार्बल्सच्या सोबतीला एक नर्स आहे, पण ती इतकी म्हातारी झाली आहे, की चाकांच्या खुर्चीत नर्सच बसलेली असते आणि खुर्ची ढकलायची मार्बल्सने. लेखन तिच्या वाट्याला फार दिलदार नाही, भोवती पीटर सेलर्स, अॅलेक गिनेस, मॅगी स्मिथ अशी मातब्बर मंडळी आहेत. तरी घोळक्याच्या प्रसंगांत नजर तिच्यावर ठेवून पाहावी. दुसऱ्याचं वाक्य चालू असताना ती काय करत असते, त्यात तिचं अर्ध्याहून अधिक काम आहे.